किन्हीराजाचे मत आणि काटेपूर्णेचे पाणी

१५ ऑक्टोबर २०२४ ला निवडणूक आयोगाने विधानसभेच्या तारखा जाहीर केल्या आणि त्याच आठवड्यात मी मालेगावहून शेलूबाजारच्या रस्त्याने किन्हीराजाला गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वावरांत सोयाबीनच्या सुड्या लागलेल्या होत्या. परतीच्या पावसाचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक सुडीवर ताडपत्री आणि ताडपत्रीवर दगड. गावात आचारसंहिता लागलेली, त्यामुळे विकासकामांच्या फलकांवरची नावे कागद चिकटवून झाकायचे काम सुरू. ज्यांची नावे झाकली जात होती ते पुढच्या महिन्यात मत मागायला येणार, आणि ताडपत्रीखाली झाकलेला माल तोवर बाजारात जाऊन कवडीमोल झालेला असणार, ही धास्ती मला त्या दिवसात भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक कास्तकाराच्या बोलण्यात होती.

किन्हीराजा हे वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले गाव. जुन्या नागपूर–औरंगाबाद रस्त्यावरचे. कारंजा, शेलूबाजार, किन्हीराजा, मालेगाव, मेहकर, सिंदखेड राजा अशी ही माळ नागपूरच्या माणसाला पाठ असायची. पोलीस ठाणे जवळच्या जऊळक्याला, रेल्वेचे स्थानकही तिथेच, अकोला–पूर्णा मार्गावर. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला आणि लांब पल्ल्याची वाहने तिकडे वळली. समृद्धी याच जिल्ह्यातून जाते, पण ती गावांच्या मधून जात नाही, गावांना वळसा घालून जाते. तिच्यावरून जाणाऱ्याला किन्हीराजा दिसत नाही. रस्ता वाईट आहे असे मी म्हणत नाही. दवाखान्याच्या घाईत नागपूर गाठणाऱ्याला तो वरदानच आहे. पण गेल्या दहा वर्षांत या पट्ट्यात झालेले सर्वांत मोठे सरकारी काम कोणते, असे विचारले तर उत्तर येते समृद्धी, आणि त्या कामाने वावरात एक थेंब पाणी वाढलेले नाही किंवा सोयाबीनला एक रुपया जादा मिळालेला नाही. हे दोन प्रश्न घेऊनच मी या गावातून निवडणुकीकडे बघत होतो.

आधी पाण्याचे, कारण मताची गोष्ट त्यातूनच कळते.

वाशिम जिल्हा उंचावर आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पठार इथवर येते आणि पाऊस पडला की पाणी दोन दिशांना वाहते. पैनगंगा, अडाण, अरुणावती दक्षिण-पूर्वेकडे जातात, वर्धेला आणि मग गोदावरीला मिळतात. काटेपूर्णा मात्र वाशिमजवळच्या काटा गावाच्या परिसरात उगम पावून मालेगाव तालुक्यातून उत्तरेला उतरते, पूर्णेला आणि पूर्णेबरोबर तापीला मिळते. एकाच जिल्ह्याचे थोडे पाणी बंगालच्या उपसागरात आणि थोडे अरबी समुद्रात. काटेपूर्णेवर मोठे धरण आहे, पण ते महानला, अकोला जिल्ह्याच्या बार्शीटाकळी तालुक्यात. अकोला शहर ज्या पाण्यावर जगते ते हेच. माथ्यावरच्या गावांनी पाऊस झेलायचा आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची. अकोल्याच्या माणसाने ते पाणी पिऊ नये असे इथे कोणी म्हणत नाही. पण पाण्याचा उगम ज्याच्या शिवारात त्याचा त्यात वाटा किती, हा प्रश्न विचारणारा आमदार या भागाला मिळाला पाहिजे, असे मात्र बरेच जण म्हणतात.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा–नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. ४२६ किलोमीटरचे कालवे, ८७ हजार कोटींहून जास्त खर्च, पावणेचार लाख हेक्टरच्या जवळपास सिंचन. लाभ होणारे जिल्हे सहा: नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला आणि बुलढाणा. पश्चिम विदर्भातले चार जिल्हे त्यात आले आणि वाशिम राहिला. कारण भूगोलाचे आहे हे मान्य. कालवा खालच्या पूर्णाखोऱ्यातून जातो आणि वाशिम वर आहे. पण पाणी चढवायच्या योजना याच राज्यात झाल्या आहेत, कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना उचलून दिले गेले आहे. ज्या भागाचा आवाज मुंबईत पोचला तिथे पाणी चढले. वाशिमचा आवाज का पोचत नाही?

त्याचे एक उत्तर मतदारसंघांच्या नकाशात आहे.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. विधानसभेच्या जागा तीनच: ३३ रिसोड, ३४ वाशिम, ३५ कारंजा. वाशिमची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत मेडशी नावाचा मतदारसंघ होता. मेडशी हे याच मालेगाव तालुक्यातले गाव, म्हणजे आमदारकीला तरी तालुक्याचे नाव होते. पुनर्रचनेत मेडशी गेले आणि रिसोड व मालेगाव हे दोन तालुके मिळून रिसोड मतदारसंघ झाला. वाशिम हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघही त्याच वेळी पुसला गेला. वाशिम आणि कारंजा यवतमाळला जोडले गेले, आणि रिसोड गेले अकोल्याला. म्हणून किन्हीराजाच्या माणसाचा जिल्हाधिकारी वाशिमला, जिल्हा परिषद वाशिमला, आणि खासदार अकोल्याचा. पाणी जसे अकोल्याकडे उतरते तसे मतही उतरते.

याचा परिणाम २०२४ च्या एप्रिलमध्ये लोकसभेच्या मतदानात लख्ख दिसला. २६ एप्रिलला एकाच दिवशी या जिल्ह्याने दोन वेगळ्या लढतींत मत दिले. यवतमाळ–वाशिममध्ये उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे संजय देशमुख यांनी एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेच्या राजश्री पाटील यांना ९४ हजारांहून अधिक मतांनी हरवले. अकोल्यात भाजपचे अनुप धोत्रे यांना ४,५७,०३०, काँग्रेसचे डॉ. अभय पाटील यांना ४,१६,४०४ आणि वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर यांना २,७६,७४७ मते पडली. धोत्रे ४०,६२६ मतांनी निवडून आले. विदर्भातल्या दहा जागांपैकी सात महाविकास आघाडीने घेतल्या, महायुतीला नागपूर, बुलढाणा आणि अकोला एवढ्या तीनच राहिल्या. म्हणजे एकाच जिल्ह्यातला शेजारचा तालुका सत्तेविरोधी लाटेचा भाग ठरला आणि किन्हीराजाची नोंद महायुतीच्या तीन अपवादांपैकी एकात झाली. दोन्हीकडे सोयाबीन तेच, भाव तोच, पाऊसही तोच. फरक होता तो तिसऱ्या उमेदवाराचा. अकोल्याच्या निवडणुकीत प्रकाश आंबेडकरांना मिळणारी मते हा निकालाचा कायमचा घटक आहे. १९९८ आणि १९९९ मध्ये ते तिथून खासदार झाले, त्यानंतरही तिरंगी लढतीचे ते गणित कधी मोडले नाही. रिसोड मतदारसंघात गावोगावची बौद्ध वस्ती या गणितात आपले वजन ओळखून आहे, आणि काँग्रेसला ते वजन गृहीत धरता येत नाही. धरूही नये.

आता विधानसभेकडे येऊ. मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होते, मोजणी २३ ला. राज्यात २८८ जागा, विदर्भात ६२. अर्ज भरायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, माघारीची ४ नोव्हेंबर. मी गावात होतो तेव्हा महायुतीत ही जागा भाजपने लढवायची की शिंदे यांच्या शिवसेनेने, हेही ठरलेले नव्हते. गावातल्या पारावर मात्र नावे तीनच घेतली जात होती, आणि तिन्ही नावांमागे पक्षापेक्षा जुना इतिहास आहे.

पहिले नाव झनक. रामराव झनक मेडशीचे आमदार होते, राज्यात मंत्री होते. त्यांचे चिरंजीव सुभाष झनक हेही आमदार झाले, राज्याचे महिला व बालकल्याण मंत्री झाले. त्यांच्या निधनानंतर २०१४ च्या लोकसभेबरोबर पोटनिवडणूक झाली आणि तिसऱ्या पिढीतले अमित झनक निवडून आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सार्वत्रिक निवडणूक होती, तीही त्यांनी जिंकली. एका वर्षात दोनदा आमदार निवडणारा हा मतदारसंघ. त्या वर्षी भाजपने विदर्भात ६२ पैकी ४४ जागा घेतल्या होत्या, त्या लाटेतही रिसोड काँग्रेसकडे राहिले.

दुसरे नाव अनंतराव देशमुख. १९८९ आणि १९९१ अशा दोन वेळा ते काँग्रेसचे वाशिमचे खासदार होते. २०१९ ला ते अपक्ष उभे राहिले आणि झनकांना ६९,८७५ तर देशमुखांना ६७,७३४ मते पडली. फरक २,१४१. शिवसेना-भाजप युतीचा अधिकृत उमेदवार पहिल्या दोघांतही नव्हता. त्यानंतर देशमुख भाजपमध्ये गेले.

तिसरे नाव भावना गवळी. रिसोड हे त्यांचे गाव. वडील पुंडलिकराव गवळी १९९६ ला वाशिमचे खासदार, आणि त्या स्वतः १९९९ पासून सलग पाच वेळा लोकसभेवर, आधी वाशिमहून, मग यवतमाळ–वाशिमहून. शिवसेना फुटली तेव्हा त्या शिंदे यांच्या बाजूला गेल्या. २०२४ ला त्यांची उमेदवारी कापली गेली आणि जुलैत त्या विधान परिषदेवर गेल्या.

तिघेही या मातीतले आहेत, तिघांनाही गावागावांत माणसे आहेत, लग्नकार्यात आणि मयतीत तिघांचीही हजेरी असते. त्यांना मत देणारा कार्यकर्ता आधी घराण्याचा असतो, मग पक्षाचा. त्यामुळे इथे निवडणूक येते तेव्हा तीन घरांपैकी कोण कोणत्या चिन्हावर उभे राहणार, याचीच चर्चा रंगते. पक्षाचा जाहीरनामा पारावर वाचला गेल्याचे मी कधी पाहिले नाही. दोष मतदाराचा नाही. जाहीरनाम्यात किन्हीराजाच्या कामाचे काही लिहिलेले असेल तर तो वाचेल.

चिन्हांचेच घ्या. २०१९ ला चार मोठ्या पक्षांत लढत होती. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. निकालानंतर युती तुटली, नोव्हेंबरात पहाटेचा शपथविधी झाला, मग उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. जून २०२२ ला शिवसेना फुटली, जुलै २०२३ ला राष्ट्रवादी. आयोगाने धनुष्यबाण शिंद्यांना दिला, घड्याळ अजित पवारांना. मशाल ठाकऱ्यांकडे, तुतारी फुंकणारा माणूस शरद पवारांकडे. कमळ आणि हात तेवढे जागेवर राहिले. ज्या म्हाताऱ्याने तीस वर्षे धनुष्यबाण पाहून बटण दाबले त्याला आता आधी विचारावे लागते की बाण कोणाचा. हा अडाणीपणा नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यात पिपाणी हे चिन्ह तुतारीसारखे भासले आणि अपक्ष उमेदवाराला पिपाणीवर पडलेली मते विजयाच्या फरकापेक्षा जास्त निघाली. चिन्ह ही निरक्षर मतदारासाठी केलेली सोय होती. दोन पक्षफुटींनी तिचा घोटाळा केला, आणि त्याची शिक्षा पुढाऱ्यांना झाली नाही. मत ज्याने ज्याला म्हणून दिले त्याला ते पोचले नाही, ही शिक्षा मतदाराला झाली. मला यात दोन्ही बाजूंचा सारखाच राग आहे, आणि गावात तो माझ्याहून जास्त आहे.

पण पारावरची चर्चा घराण्यांची असली तरी घरातली चर्चा वेगळी आहे. तिथे तेव्हा दोन आकडे बोलले जात होते. एक ४,८९२, दुसरा १,५००.

४,८९२ हा २०२४ च्या सोयाबीनचा हमीभाव, क्विंटलचा. दसऱ्याच्या सुमारास बाजारात मिळत होते ते चार ते साडेचार हजार, ओलावा जास्त निघाला तर त्याहूनही कमी. या जिल्ह्यात सोयाबीन हे एक पीक नाही, सगळा खरीपच तो आहे. ज्वारी गेली, पऱ्हाटी आटली, तुरीच्या चार ओळी मधे राहिल्या. पेरणीला बियाण्याची थैली, मग तणनाशक, दोन-तीन फवारण्या, सोंगणीचा गुत्ता एकरी चार हजारांच्या पुढे-मागे, वर थ्रेशरचे पैसे पोत्यामागे. सगळे करून झडती लागते एकरी पाच-सहा क्विंटल, चांगल्या काळ्या रानात आठ. त्या वर्षी पावसाने कुठे शेंगा भरू दिल्या, कुठे नाही. वाशिमच्या बाजार समितीतून येणाऱ्या माणसाला आता कोणी राम राम घालण्याआधी विचारते, भाव काय निंगाला?

२०२१ च्या ऑगस्टमध्ये हेच सोयाबीन दहा हजारांच्या वर गेले होते. त्याच महिन्यात केंद्राने जनुकबदल सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली आणि नवा माल बाजारात यायच्या वेळेला भाव निम्म्यावर आले. कास्तकार हे विसरलेला नाही. तीन वर्षांनंतरही तो दर सांगताना माणसांचा आवाज बदलत होता. २०२४ ला केंद्राने १४ सप्टेंबरपासून कच्च्या खाद्यतेलाचे एकूण आयातशुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्के केले, हमीभावाने खरेदीला मंजुरी दिली. उशिरा केलेले असले तरी ते पाऊल योग्य होते आणि तसे म्हटले पाहिजे. पण शुल्क वाढले आणि तेल महागले, पोत्यातल्या सोयाबीनला मात्र त्याचा आधार लागलेला दिसला नाही, कारण भाव पेंडीवरही ठरतो आणि जगात पेंड मुबलक होती. हमीभाव केंद्राची अट तेव्हा १२ टक्के ओलाव्याची होती. सुडी सोडवून लगेच केंद्रावर नेलेल्या मालात ऑक्टोबरात एवढा कमी ओलावा क्वचितच येतो. वाळवायला जागा आणि थांबायला पैसा ज्याच्याकडे आहे त्यालाच हमीभाव मिळतो. ज्याला दिवाळीचा किराणा आणि कृषी केंद्राची उधारी भागवायची आहे तो पहिले दहा कट्टे मिळेल त्या भावात टाकून मोकळा होतो.

दुसरा आकडा १,५०० चा, मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा. २०२४ च्या जूनच्या अर्थसंकल्पात घोषणा झाली, ऑगस्टच्या मध्याला दोन महिन्यांचे तीन हजार खात्यांत पडले, आणि निवडणुकीच्या आधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचेही दिले गेले. ज्या बायकांनी आजवर बँकेची पायरी चढली नव्हती त्या आधार जोडणीसाठी सकाळपासून रांगेत उभ्या राहिल्या. शहरातल्या काही मंडळींनी या पैशाला लाच म्हटले. मला ते पटत नाही. दुसऱ्याच्या वावरात दिवसभर वाकून सोंगणी करणाऱ्या बाईच्या नावावर महिन्याला दीड हजार येतात, ते नवऱ्याच्या हातात न जाता तिच्या हातात येतात, आणि त्यातून लेकराची फी जाते किंवा डोळ्यांचा चष्मा येतो. भूमिहीन घरात या पैशाची बरोबरी करणारे दुसरे काहीही गेल्या दहा वर्षांत सरकारने दिलेले नाही. विरोधी पक्षही ही योजना बंद करू असे म्हणत नव्हते. कर्नाटकात काँग्रेसचे सरकार गृहिणींना दोन हजार देते आहे, इथेही आकडा वाढवण्याचीच स्पर्धा लागणार असे दिसत होते.

मात्र जमीनवाल्या घरात हिशोब वेगळा बसतो, आणि तो बायकाच जास्त नेमका मांडतात. पाच एकरांचे घर धरा. झडती एकरी सहा क्विंटल, म्हणजे ३० क्विंटल. भाव ४,२०० मिळाला तर हमीभावापेक्षा क्विंटलमागे ६९२ रुपये कमी, एकूण २०,७६० रुपयांचा खड्डा. लाडक्या बहिणीचे वर्षाचे १८,०००. त्यात केंद्राचे आणि राज्याचे मिळून किसान सन्मानाचे १२,००० घाला, आणि २०२३ च्या खरिपाचे म्हणून राज्याने हेक्टरी पाच हजारांप्रमाणे दिलेले अर्थसाहाय्य घाला, तर घर त्या वर्षी थोडे वर राहते. हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण भाव हा कष्टाचा मोबदला आहे, तो मागताना माणूस मान वर करून मागतो. खात्यात पडणारी रक्कम कोणीतरी दिलेली असते, आणि देणाऱ्याचा फोटो तिच्याबरोबर येतो. शिवाय सोयाबीन आठ हजारांवर गेले तर दहा एकरांच्या घराला जास्त मिळते आणि मजुराला काही मिळत नाही. भाव आणि अनुदान हे एकमेकांचे पर्याय नाहीत, दोन वेगळ्या माणसांचे दोन वेगळे हक्क आहेत. महायुती एकावर मत मागत होती आणि महाविकास आघाडी दुसऱ्यावर. किन्हीराजात ही दोन माणसे एकाच गल्लीत राहतात, पुष्कळदा एकाच घरात.

या दोन आकड्यांच्या वर जातीचे गणित आहे. २०२३ च्या सप्टेंबरात जालन्याच्या अंतरवाली सराटीत लाठीमार झाला, मनोज जरांगे यांचे उपोषण राज्यभर पोचले, २०२४ च्या फेब्रुवारीत मराठा समाजाला दहा टक्के आरक्षणाचा कायदा झाला आणि त्याला उत्तर म्हणून ओबीसी समाजही उभा राहिला. मराठवाड्यात लोकसभेचे निकाल त्याने फिरवले. वऱ्हाडात ती धग मराठवाड्याइतकी नाही. इथल्या बऱ्याच मराठा कुटुंबांकडे कुणबी नोंदी आधीपासून आहेत, म्हणून प्रश्नाचा चेहराच वेगळा. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला आले, बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन केले आणि वाशिमच्या कार्यक्रमातून किसान सन्मानाचा अठरावा हप्ता सोडला. बंजारा समाजाला त्या दिवशी अभिमान वाटला आणि तो खरा होता. मला एवढेच नोंदवायचे आहे की देशाचा पंतप्रधान जिल्ह्यात येऊन गेला आणि ज्या जिल्ह्याला २०१८ मध्ये नीती आयोगाने राज्यातल्या चार आकांक्षित जिल्ह्यांत घातले, त्या जिल्ह्याच्या सिंचनाबद्दल नंतरच्या आठवड्यात पारावर सांगण्यासारखे कोणाकडे काही नव्हते.

आकांक्षित जिल्ह्याआधी हा आत्महत्याग्रस्त जिल्हा होता. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात वाशिम होता. २००८ ला केंद्राची कर्जमाफी आली, २०१७ ला राज्याची दीड लाखांपर्यंतची, २०१९ ला दोन लाखांपर्यंतची. २०२४ ला साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल माफ झाले. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला ती वीज उपयोगाची. कोरडवाहू माणसाला पंपच नाही. अठरा वर्षांत सरकारे आली आणि गेली, दोन्ही बाजूंनी पैसे दिले, पैसे पोचलेही. ज्या गोष्टीला पाच वर्षांहून जास्त वेळ लागतो ती मात्र कोणीच हातात घेतली नाही. धरणाची उद्घाटने पुढच्याच्या कारकिर्दीत होतात.

मला विचाराल तर रिसोडच्या पुढच्या आमदाराची परीक्षा तीनच कामांनी घ्यावी, मग तो कोणत्याही घरातला असो. मालेगाव तालुक्यातल्या ओढ्यानाल्यांवर पाणी अडवायचा, काटेपूर्णेच्या वरच्या अंगाचा वाटा मागायचा, आणि वाशिमला नदीजोडात घ्यायचा प्रश्न त्याने सभागृहात किती वेळा मांडला. हमीभावाची खरेदी केंद्रे सोंगणीच्या आधी सुरू होतील आणि ओलाव्याची अट ऑक्टोबरच्या हवेला धरून ठरेल, यासाठी त्याने काय केले. आणि बाजारगावांत माल ठेवायला गोदाम, वाळवायला ओटा झाला का. ही कामे मोठी नाहीत. एकेका गोदामाने कित्येक कास्तकारांचा पहिल्या दहा कट्ट्यांचा तोटा वाचतो. प्रचाराला येणाऱ्याला हे तोंडी विचारू नका, कागदावर लिहून द्या आणि सहीची पोच घ्या. गावात ग्रामसभा आहे, ठराव घेता येतो. आचारसंहितेच्या काळात सरकार घोषणा करू शकत नाही, पण गाव मागणी करू शकते.

जाता जाता एक गोष्ट पुण्या-मुंबईत वाचणाऱ्यांना सांगायची आहे. या भागातली तरणी पोरे चाकण, रांजणगाव, वाळूजच्या कारखान्यांत आहेत. ती दिवाळीला गावी येतात, भाऊबीज झाली की परततात. २०२४ ला भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती, मतदान त्यानंतर सतरा दिवसांनी. नाव गावच्या यादीत, माणूस शेकडो किलोमीटर दूर, आणि मत पडत नाही, असे दर वेळी होते. २०१९ ला रिसोडचा निकाल २,१४१ मतांनी लागला. मतदारसंघातल्या तीनशेहून अधिक केंद्रांवर तो फरक वाटून पाहिला तर केंद्रामागे सात मतेही येत नाहीत. किन्हीराजासारख्या गावातून बाहेर गेलेल्यांची संख्या सातापेक्षा कितीतरी जास्त आहे.

मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देणे कायद्याने मालकावर बंधनकारक आहे, आणि पुण्याहून मालेगावला रात्रीची गाडी सकाळी पोचते. या.